गाडी लागते, बोट लागेल का?

बार्शीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी त्या सासू-सासरे, नवरा आणि दोन मुलं (अकरा आणि सहा वर्षांची) यांना घेऊन मुंबईला निघाल्या आहेत. कुर्डुवाडीहून रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडायची, शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि रविवारी रात्री परत. सासू-सासरे आयुष्यात पहिल्यांदाच मुंबई बघणार. यजमानांचं म्हणणं असं की दिवसभराची ‘मुंबई दर्शन’ बस करू, एका दिवसात पंधरा ठिकाणं होतात आणि म्हाताऱ्यांना बसल्या जागी सगळं दिसतं. ताईंना बोट हवी आहे. यजमान बोटीला तयार नाहीत. गेटवेजवळची ती दुर्घटना झाल्यापासून त्यांच्या मनात भीती आहे. सासऱ्यांनी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यांना ‘सगळं’ बघायचं आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना गाडी लागते. त्या काहीच बोलत नाहीत, म्हणतात, ‘तुम्ही ठरवाल तसं.’ पत्राच्या शेवटी ताईंनी जाता जाता लिहिलंय, ‘मात्र बोटीत पाणी आत येतं का, हे त्यांनी मला तीनदा विचारलं.’

ताई, तुमचं सगळं पत्र वाचून मी या शेवटच्या ओळीवर थांबले. ज्या बाईला बोटीत बसायचंच नाही, ती एकदा ‘नको बाई’ म्हणून मोकळी होते. ती तीन-तीनदा चौकशी करत नाही. सासूबाई मनातल्या मनात बोटीत बसून बघताहेत, असं मला वाटतं. घरात आयुष्यभर ‘तुम्ही ठरवाल तसं’ म्हणत आलेल्या बाईची इच्छा अशीच, आडून येते. तेव्हा माझं मत आधीच सांगून टाकते. शनिवारी सकाळी बोट, संध्याकाळी बस, आणि दिवसभराची दर्शन-बस रद्द. आता कारणं सांगते, म्हणजे तुम्हाला घरात बोलता येईल.

दिवसभराच्या बसचं मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या आईला मी अशाच एका खासगी बसने मुंबई दाखवली. सकाळी साडेसातला दादरला बसलो, रात्री साडेआठला उतरलो. पत्रकावर तेरा ठिकाणं होती, त्यातली प्रत्यक्ष उतरून बघितली सहा. बाकीची ‘बाहेरून’. हा शब्द पत्रकात बारीक अक्षरांत असतो, तो आधी शोधायचा असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सोबतचा मुलगा माइकवर सांगायचा, ‘डावीकडे बघा, राजाबाई टॉवर.’ आई चष्मा सावरून डावीकडे वळेपर्यंत टॉवर मागे गेलेला असायचा. तिच्या वाट्याला पुढच्या बसची पाठ यायची. दोन ठिकाणी उतरल्यावरचा निम्मा वेळ स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला. रात्री झोपताना तिने मला विचारलं, ‘समुद्र कुठल्या बाजूला होता गं?’ मला त्या प्रश्नाचं अजून वाईट वाटतं. तिची चूक नव्हती, माझी निवड चुकली होती.

आणि ‘बसल्या जागी’ हेही तितकंसं खरं नाही. सहा ठिकाणी उतरायचं म्हणजे बसच्या उंच पायरीवर सहा वेळा चढायचं आणि सहा वेळा उतरायचं. वर वेळेची घाई, कारण चाळीस माणसं वाट बघत असतात. गुडघ्यांना त्रास चालण्यापेक्षा या चढ-उताराचा जास्त होतो. त्यात ज्यांना गाडी लागते त्यांना काचा बंद असलेली एसी बस आणि पेडर रोड, वरळी, दादर असं थांबत-थांबत, ब्रेक मारत जाणं, याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. गाडी लागते ती बऱ्याचदा या हिसक्यांनी आणि कोंदट वासाने. लाँच हळू चालते, चारी बाजूंनी उघडी असते, वारा तोंडावर येतो. गाडी लागणाऱ्या कितीतरी जणांना बंदरातल्या बोटीत काहीही होत नाही. हमी कुणी देऊ शकत नाही, पण तुम्ही समजता तितका हा धोका मोठा नाही.

आता यजमानांच्या भीतीचं. ती भीती मी हसण्यावारी नेणार नाही आणि तुम्हीही नेऊ नका. १८ डिसेंबर २०२४ ला भर दुपारी, गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि डझनाहून अधिक माणसं गेली. समुद्र खवळलेला नव्हता, वादळ नव्हतं. लहान मुलं घेऊन जाणाऱ्या बापाने त्यानंतर बोटीला घाबरावं, हे अगदी साहजिक आहे. त्यांना ‘काही होत नाही हो’ म्हणू नका, त्यापेक्षा काही कामं त्यांच्याच हाती द्या. त्या घटनेनंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. ते सहाही जणांच्या अंगात आहे का, पट्टे बांधलेत का, हे त्यांनी बघायचं. पुष्कळ लोक ते मांडीवर ठेवतात किंवा त्याच्यावर बसतात. तसं आपल्या घरच्यांनी करायचं नाही. सहा वर्षांच्या लेकराला मोठ्या मापाचं जॅकेट डोक्यावरून निसटतं, म्हणून बोटीत पाय ठेवण्याआधी लहान माप मागायचं. आणि बोट भरलेली दिसली तर चढायचंच नाही. सकाळी नऊपासून थोड्या-थोड्या वेळाने लाँच सुटत असतात, अर्ध्या तासाने पुढची मिळते. तिकीटवाला घाई करील, पण आपल्याला घाई नाही.

बोटीबद्दल एक गैरसमज मात्र निघण्याआधीच दूर करायला हवा. गेटवेच्या बोटीतून मरीन ड्राइव्ह दिसत नाही. फोटोंत आपण बघतो तो दिव्यांचा राणीचा हार, ती वळणदार चौपाटी, मलबार हिल हे सगळं शहराच्या पश्चिमेला, अरबी समुद्राच्या अंगाला आहे. गेटवे आहे पूर्वेला, बंदराच्या बाजूला. बोटीतून दिसतं ते बंदर: ताज आणि गेटवे शेजारी-शेजारी, नौदलाची गोदी, नांगरून पडलेली तेलाची जहाजं, ती जिथे तेल उतरवतात ते जवाहर द्वीप नावाचं बेट, समोरच्या काठावर न्हावा-शेवाच्या क्रेन आणि उत्तरेकडे जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू, पाण्यावर आखलेल्या रेघेसारखा. तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाला हे फार आवडेल. (नौदलाच्या जहाजांचे फोटो काढू नका, एवढं त्याला बजावून ठेवा.) पण कुणी मरीन ड्राइव्हची आशा धरून बोटीत बसलं तर हिरमोड होतो. मरीन ड्राइव्ह रस्त्यावरूनच बघायचा, आणि संध्याकाळी. बस लागते ती इथे.

बोटीतही दोन प्रकार. एक, गेटवेहून निघून बंदरात अर्धा-पाऊण तास फिरवून परत आणणारी फेरी. दुसरी, घारापुरीची, म्हणजे एलिफंटाची. अंतर दहा-अकरा किलोमीटर, एका बाजूला सुमारे तास. जाऊन-येऊन, लेणी बघून सहज अर्धा दिवस जातो. सोमवारी लेणी बंद असतात, तुमचा शनिवार आहे, अडचण नाही. पावसाळ्यात हवामान पाहून बोटी बंद ठेवतात, डिसेंबरात तीही धास्ती नाही. बोटीचं जाऊन-येऊन तिकीट गेटवेवरच मिळतं. लेण्यांचं पुरातत्त्व खात्याचं तिकीट ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. लाँचमध्ये वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे दहा-वीस रुपये मागतात. मुलांसाठी ते द्या, सासूबाईंना खालीच बसवा.

घारापुरीत उतरल्यावर धक्का लांब आहे. तिथे छोटी झुकझुकगाडी असते, तिने जा. पुढे सुमारे १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंनी दुकानं, वर ताडपत्रीची सावली. सासूबाईंना त्या पायऱ्या चढवू नका. तिथे डोली मिळते. दर आधी ठरवून घ्या, जाऊन-येऊनचा. पुष्कळ बायका डोलीत बसायला लाजतात, लोक बघतील म्हणून. सासूबाई लाजल्या तर सासऱ्यांना सांगा, त्यांनी शेजारून चालावं. वर माकडं आहेत. हातातली पाण्याची बाटली आणि खाऊची पिशवी ती सरळ ओढून नेतात, म्हणून सगळं पाठपिशवीत.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिरल्यावर लगेच फोटोला धावू नका. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की मिनिटभर काही दिसत नाही. खांबाला टेकून थांबा. डोळे सरावले की समोरच्या भिंतीतून आधी मधला चेहरा वर येतो, मिटल्या डोळ्यांचा, शांत. मग एका बाजूचा उग्र, मिशा असलेला, आणि दुसऱ्या बाजूचा कोवळा, हातात कमळ धरलेला. साडेपाच मीटरच्या आसपास उंचीची ही महेशमूर्ती, कातळातच कोरलेली, सहाव्या शतकाच्या सुमाराची. सासऱ्यांना इथे बोलू द्या. पस्तीस वर्षं त्यांनी हे फळ्यावर शिकवलंय, नातवंडांपुढे प्रत्यक्ष मूर्तीसमोर उभं राहून सांगायची संधी त्यांना पुन्हा केव्हा मिळणार? पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा म्हटलं ते इथल्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती आता बेटावर नाही, भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. रविवारी मुलांना पेंग्विन दाखवायला राणीच्या बागेत जाल, तेव्हा तोही दाखवा. शनिवारी त्याचं बेट, रविवारी तो. धाकट्यालाही ही गंमत कळेल.

आता जे पत्रकात कुणी लिहीत नाही ते. बोटीच्या सहलीत अवघड असतो तो बोटीत चढण्याचा अर्धा मिनिट. गेटवेच्या पायऱ्या पाण्यात उतरत गेलेल्या आहेत. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर हिरवं शेवाळ असतं, पाय घसरतो. शिवाय बोटी एकीला एक लावून उभ्या असतात, त्यामुळे कधी-कधी एका बोटीतून दुसरीत, तिच्यातून तिसरीत असं जावं लागतं. बोट वर-खाली होत असते. खलाशी दंडाला धरतो, म्हणतो, ‘थांबा आजी, थांबा… आता टाका पाय.’ तो म्हणेल तेव्हाच पाय टाकायचा. आपण आपल्या अंदाजाने टाकायचा नाही आणि मागून कुणी ढकलायचंही नाही. बोट वर येते त्या क्षणी काठ आणि बोट जवळजवळ एका पातळीत असतात, तो क्षण त्याला बरोबर कळतो. माझी आई नंतर एकदा अशीच बोटीत चढली. साडीचा काठ ओला झाला, बाकी काही नाही. सासूबाईंना त्या दिवशी नऊवारी नेसायची असेल तर उत्तमच. पाचवारी असेल तर निऱ्या जरा वर खोचा. चपला मागे पट्टा असलेल्या.

भरती-ओहोटी बघायला तुम्हाला अॅप नको, भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, भरती-ओहोटीतला फरक मुंबईत चार मीटरच्या घरात जातो. त्या दिवसांत दिवसाची भरती साधारण दुपारी बाराच्या आसपास येते, आणि संध्याकाळी तुम्ही परत याल तेव्हा पाणी पार खाली गेलेलं असतं. म्हणजे दमून आल्यावर जास्त पायऱ्या आणि शेवाळ. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फारसं वर-खाली होत नाही. कोळी लोकांचे हे शब्द, उधाण आणि भांग, सासऱ्यांना सांगा, त्यांना आवडतील. डिसेंबरातला कुठला शनिवार घ्यायचा हे अजून पक्कं झालं नसेल, तर अष्टमीच्या जवळचा घ्या. पक्कं झालं असेल आणि नेमकी अमावास्या आली, तर पहिली लाँच पकडून दोन-अडीचपर्यंत परत या. तसंही दुपारनंतर वारा उठतो आणि बोट जास्त डुलते, तेव्हा लवकर परतणं सगळ्याच दृष्टीने बरं.

सिद्धेश्वर सकाळीच सीएसएमटीला पोचते. सामान तिथल्याच क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगांना कुलूप असल्याशिवाय घेत नाहीत, ती घरूनच लावून न्या. आवरून, थोडं खाऊन टॅक्सीने गेटवे. पोट अगदी रिकामं ठेवायचं नाही आणि तडस लागेल इतकं भरायचंही नाही, दोन्हीने मळमळतं. तुमच्या डॉक्टरांनी गाडी लागण्याची गोळी दिलेली असेल तर ती निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. आलेपाक किंवा आवळासुपारी जवळ असू द्या. बोटीत मधोमध बसायचं, मोबाइलकडे बघायचं नाही, लांबवर काठाकडे बघायचं.

आणि गेटवेला पोचल्यावर लगेच तिकीट काढू नका. कठड्याशी दहा मिनिटं उभं राहा. सासूबाईंना दोन लाँच भरताना आणि सुटताना बघू द्या. मग त्यांना एकटीला विचारा, ‘जायचं?’ सगळ्यांसमोर विचारलंत तर पुन्हा ‘तुम्ही ठरवाल तसं’ म्हणतील. त्या ‘नको’ म्हणाल्या तर आग्रह करू नका. बंदरातली अर्ध्या तासाची फेरी आहे, तीही नको असेल तर त्या आणि यजमान काठावर बसतील आणि तुम्ही मुलांना घेऊन जाल. तिकीट आधी काढलेलं नसल्यामुळे कुणावर पैसे वाया गेल्याचं ओझं नाही. बसचं आगाऊ बुकिंग केलं की ही मोकळीक राहत नाही, हेही एक कारण माझ्या मनात होतं.

संध्याकाळची बस सासऱ्यांसाठी. उघड्या टपाची जुनी डबलडेकर तुम्ही फोटोंत बघितली असेल, ती ५ ऑक्टोबर २०२३ ला शेवटची धावली. फेब्रुवारी २०२३ पासून बेस्टची विजेवरची एसी डबलडेकर आली आहे. तिच्यावर शनिवार-रविवारची वारसादर्शन फेरी असते. वरच्या मजल्याचं तिकीट महाग, खालच्याचं स्वस्त. तुम्ही जाल त्या दिवशीची वेळ आणि दर बेस्टकडे आधी विचारून घ्या. फेरी जुळली नाही तर दक्षिण मुंबईतल्या साध्या बेस्ट बसने मरीन ड्राइव्हला जा. मे २०२५ च्या भाडेवाढीपासून साध्या बसचं किमान भाडं १० रुपये आणि एसीचं १२ रुपये आहे, म्हणजे सहा जणांचा प्रवास शंभर रुपयांच्या आत. या बसचं सगळं एक-दोन तासांत आटोपतं आणि एकमेकांना लागून असलेल्या गोष्टी दिसतात, उपनगरांत तासन्‌तास अडकून पडावं लागत नाही. पायऱ्यांचा टाऊन हॉल, स्टीव्हन्स या इंग्रज वास्तुविशारदाने बांधलेलं सीएसएमटी आणि समोरच त्याचीच महापालिकेची इमारत. आणि हुतात्मा चौक. २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथे संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. बसमधून तो चौक क्षणात मागे जातो. सासऱ्यांना तिथे रविवारी सकाळी पायी घेऊन जा. रविवारी फोर्टमध्ये गर्दी नसते, दहा मिनिटं निवांत उभं राहता येतं. पस्तीस वर्षं ज्याने हा धडा शिकवला, त्याला ती जागा काचेआडून दाखवू नये.

मग सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू? एवढं सगळं या वेळी नाहीच होणार. सासरे ‘सगळं’ म्हणतात तेव्हा त्यांना नेमकं काय हवंय ते एकदा कागदावर लिहून घ्या. बहुतेक त्यातली चार-पाच नावं फोर्ट आणि गेटवेच्या आसपासचीच निघतील. उरलेल्यांपैकी एखादं रविवारी दुपारी राणीच्या बागेनंतर टॅक्सीने करता येईल.

जाताना सासूबाईंना लाँचमध्ये मागच्या बाजूला तोंड करून बसवा. सकाळचं ऊन पूर्वेकडून थेट गेटवेच्या दगडावर पडतं, पिवळसर दिसतो तो. बोट जसजशी आत जाते तसा गेटवे लहान होत जातो आणि मागची मुंबई मोठी. परतताना सूर्य त्याच्या मागे असतो, तेव्हा हे दिसत नाही. आणि त्यांनी चौथ्यांदा विचारलं तर सांगा, बोटीत पाणी येत नाही, कडेला बसलं तर शिंतोडे मात्र येतात. मधे बसायचं की कडेला, ते मग त्यांचं त्यांना ठरवू द्या.